बीमटाइममधली पहिली रात्रपाळी: डिटेक्टरसमोर बसून नेमकं करायचं काय असतं?

नवखा_न्यूट्रॉन

नमस्कार मंडळी. पीएचडीचं पहिलं वर्ष, विषय न्यूक्लिअर फिजिक्स, गाव कोल्हापूरजवळ. आमच्या ग्रुपला कुलाब्याला टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारातल्या पेलेट्रॉन या कण-प्रवेगकावर बीमटाइम, म्हणजे प्रयोगासाठी आयनांचा झोत (बीम) वापरायची ठरलेली वेळ, मिळालाय. एकवीस शिफ्टा, म्हणजे सलग सात दिवस, तीन पाळ्यांत. नवीन असल्यामुळे माझ्या वाट्याला रात्री बारा ते सकाळी आठ आलीय, हे सांगायला नकोच.

सरांना विचारलं, मी तिथे नक्की काय करायचं? म्हणाले, "काही नाही रे, स्पेक्ट्रम बघत बसायचं." सीनियरला विचारलं तर तो म्हणाला, "जॅकेट आण." आईला सांगितलं की रात्रपाळी आहे, मशीनवर लक्ष ठेवायचं असतं. तिला वाटतंय मी शिक्षण सोडून वॉचमनची नोकरी धरली.

मला खरंच कळत नाहीये. गॅमा किरण मोजणारे जर्मेनियमचे क्लोव्हर डिटेक्टर आहेत, स्पेक्ट्रम म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती गॅमा आले त्याचा आलेख, एवढं वाचलंय. पण आठ तास बघायचं म्हणजे काय बघायचं? लॉगबुकात काय लिहायचं? माझ्या जोडीला एमएस्सीचा एक मुलगा आहे, तो माझ्याहूनही नवा. आमच्या हातून काही बिघडलं तर? एका डिटेक्टरची किंमत ऐकल्यापासून पोटात गोळा आहे. आणि झोप आली तर काय करता? कुणी असल्या शिफ्टा केल्या असतील तर सविस्तर सांगा. पुढच्या सोमवारी निघायचंय.

वही_क्रमांक_७

तुझ्या आईने शब्द अगदी बरोबर काढलाय. वॉचमनच. फरक इतकाच की चोर कसा दिसतो हे आपल्याला आधी कुणी सांगत नाही.

मी सात-आठ वर्षं हेच केलं. आता सावंतवाडीत कॉलेजात शिकवते, रात्री झोपते. तेव्हा सविस्तरच लिहिते, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे पाळीला बाराला जायचं नाही, साडेअकराला जायचं. आधीच्या पाळीवाल्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि त्याच्याकडून बोलून घ्यायचं. नुसतं लॉगबुक वाचून भागत नाही, कारण जाणाऱ्याचं अर्धं मन अंथरुणात असतं आणि त्याने शेवटच्या तासात "सर्व ठीक" एवढंच लिहिलेलं असतं. कोणते क्रिस्टल बंद ठेवलेत, चालू रन (सलग नोंदीचा एक तुकडा) कधी सुरू झाला, नायट्रोजन शेवटचा कधी भरला, डिस्कवर जागा किती उरलीय, हे चार प्रश्न तोंडी विचार. पाचवा प्रश्न मी नेहमी विचारायचे: "तुला काही विचित्र वाटलं का?" बहुतेक वेळा "नाही" असं उत्तर येतं. कधीतरी माणूस दारापर्यंत जातो आणि मागे वळून म्हणतो, "हां, ते आठ नंबरचं जरा..." ते "जरा" महत्त्वाचं.

आता बघायचं काय? क्लोव्हर म्हणजे एकाच थंड भांड्यात बसवलेले जर्मेनियमचे चार क्रिस्टल, चार पाकळ्यांसारखे, हे तुला माहीत आहे. इंगा हा जो आपला डिटेक्टरांचा मोठा संच आहे, तो कधी मुंबई, कधी दिल्ली, कधी कोलकाता असा फिरतो. कुलाब्याला तो उभा होता तेव्हा त्यात चोवीस क्लोव्हरांची सोय होती. म्हणजे शहाण्णव क्रिस्टल. शहाण्णव स्पेक्ट्रम आठ तास बघत बसलास तर पहाटेपर्यंत तुला भिंतीवरही शिखरं दिसायला लागतील. तसं करायचं नसतं. आपल्या ओळखीच्या दोन-चार रेषा (ठरावीक ऊर्जेला येणारी शिखरं) धरायच्या आणि त्या जागच्या जागी आहेत का तेवढं बघायचं.

माझी आवडती रेषा १४६०.८ केईव्हीची (केईव्ही हे ऊर्जेचं एकक). ही तुझ्या रिॲक्शनची नाही, बीमची नाही, कुणाचीच नाही. ती भिंतीची आहे. काँक्रीटमध्ये पोटॅशियम असतं, त्यात किंचित पोटॅशियम-४०, आणि ते बीम असो नसो, दिवाळी असो पाऊस असो, आपली गॅमा सोडत राहतं. तसंच २६१४.५ ला थोरियमच्या साखळीतलं थॅलियम. या दोन रेषा फुकटच्या खुणा आहेत. रात्री एसीचं तापमान बदललं की इलेक्ट्रॉनिक्स सरकतं आणि पोटॅशियम १४६० वरून १४५९ ला दिसायला लागतं. ते दिसलं की घाबरायचं नाही, हात लावायचा नाही, वेळ लिहून ठेवायची. ॲनालिसिस करणारा (म्हणजे तूच, दोन वर्षांनी) त्या एका ओळीसाठी तुझे पाय धरेल.

५११ चं शिखर (इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना नष्ट करतात तेव्हाचं) तर कायम असणारच. आणि एक गंमत सांगून ठेवते, नाहीतर माझं झालं तसं होईल. पहिल्याच बीमटाइमला, रात्री अडीचच्या सुमारास मला ५९६ केईव्हीला एक रेषा दिसली. कुठल्याच तक्त्यात माझ्या केंद्रकाची तशी रेषा नव्हती. मी लॉगबुकात लाल पेनाने लिहिलं, "नवी रेषा!!" दोन उद्गारचिन्हं, खाली दोनदा अधोरेखित. सकाळी सीनियर आला, त्याने वाचलं, काही बोलला नाही. माझ्या ओळीखाली पेन्सिलने एक शिडाची होडी काढली आणि नाश्त्याला गेला.

मी परत स्पेक्ट्रम मोठा करून बघितला. खरंच शीड. डावीकडे डोलकाठीसारखी सरळ उभी कड, आणि उजवीकडे हळूहळू उतरत जाणारी तिरकी बाजू. गॅमाचं शिखर असं नसतं, ते दोन्ही बाजूंनी सारखं उतरतं. हे न्यूट्रॉन असतात. रिॲक्शनमधून सुटलेला न्यूट्रॉन डिटेक्टरच्याच जर्मेनियमवर आपटतो, केंद्रकाला उत्तेजित करतो आणि धक्काही देतो. गॅमाच्या ऊर्जेत त्या धक्क्याची ऊर्जा कमी-जास्त मिसळते, म्हणून उजवीकडे शेपूट. जर्मेनियम-७४ चं ५९६ ला, जर्मेनियम-७२ चं ६९१ च्या आसपास. आता तुला माहीत झालं, तुझी होडी कुणी काढणार नाही.

आता नायट्रोजन. हा या सगळ्यातला खरा धंदा आहे. फिजिक्स दिवसा होतं, रात्री नायट्रोजन होतो. क्रिस्टल उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनवर थंड ठेवलेले, आणि त्यांच्यावर हजारो व्होल्टचा बायस, म्हणजे विजेचा दाब. साधारण आठ-दहा तासांनी भरावं लागतं, म्हणजे प्रत्येक पाळीत एकदा तो प्रसंग येतो. मोठ्या संचाला आपोआप भरायची सोय असते, व्हॉल्व्ह उघडतात, भांडं भरून वाहायला लागलं की सेन्सरला थंडी कळते आणि व्हॉल्व्ह मिटतो. पण आपोआप आहे म्हणून पाठ फिरवायची नाही. कुठलं भांडं किती मिनिटांत भरलं ते लिही. रोज नऊ मिनिटं घेणारं भांडं आज तीन मिनिटांत "भरलं" असं मशीन म्हणत असेल तर ते भरलेलं नाही.

हे मी कुठून शिकले ते सांगते. एक छोटा प्रयोग होता, चार डिटेक्टरांचा, कुठे ते राहू दे. रात्रीची पाळी माझी, नायट्रोजन मीच भरला होता. पावसाळा होता, हवेत दमटपणा इतका की नळीवर बर्फाची बोटभर जाड साल. एका भांड्याच्या तोंडातून पांढरी वाफ भसाभस आली, मला वाटलं भरून वाहायला लागलं, मी व्हॉल्व्ह बंद केला. खरं तर नळीच अजून गार होत होती, आत द्रव पुरता पोहोचलाच नव्हता. वाफ म्हणजे भरणं नव्हे. वाफेनंतर द्रवाचे थेंब थुंकल्यासारखे उडायला लागतात, तोवर थांबायचं असतं. हे मला माहीत होतं. पण रात्रीचे दोन वाजले होते.

पहाटे पाचला त्या डिटेक्टरची शिखरं जाड दिसायला लागली. पोटॅशियमची रुंदी दोन-सव्वादोन केईव्ही असायची, ती तीनच्या पुढे गेली. मी म्हटलं, इलेक्ट्रॉनिक्सचं काहीतरी असेल, सकाळी सर येतील तेव्हा बघू, आत्ता कुठे उठवायचं त्यांना. इथे माझी चूक झाली, आणि ती नायट्रोजनच्या चुकीपेक्षा मोठी. कारण उत्तर समोर होतं. चारही पाकळ्या एकदम जाड झाल्या होत्या. एकच पाकळी बिघडली तर तिच्या प्रीॲम्प्लिफायरकडे (सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटकडे), केबलकडे बघायचं. चारही एका सुरात बिघडल्या तर चौघींत सामाईक काय आहे ते बघायचं, आणि सामाईक असते ती थंडी. तेव्हाच भांड्यात नायट्रोजन ओतला असता तर वाचलं असतं. सव्वासहाला बायस आपणहून बंद पडला. ते संरक्षण असतं म्हणून क्रिस्टल जळाला नाही एवढंच. पण अर्धवट गरम झालेला डिटेक्टर लगेच परत थंड करून चालत नाही, आतले शोषलेले वायू सुटून क्रिस्टलवर बसायची भीती. तो पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, व्हॅक्यूम करायचा, मग पुन्हा थंड करायचा. आमचा उरलेला बीमटाइम तीन डिटेक्टरांवर गेला.

सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला पाचला का नाही उठवलंस?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा तुझ्या "काही बिघडलं तर" या प्रश्नाचं माझं उत्तर हे: हात लावून बिघडतं त्यापेक्षा न उठवून जास्त बिघडतं. सीनियरचा फोन नंबर लॉगबुकाच्या पहिल्या पानावर लिही, आणि झोपायला जाण्याआधी त्याच्या तोंडून वदवून घे की "कधीही उठव". एकदा बोलला की मग त्याला पहाटे चारला कुरकुरायचा हक्क राहत नाही.

लॉगबुकात दर अर्ध्या तासाने आकडे लिहायचे. मी असं लिहायचे: "०३:३०. रन २१ चालू. एकेका क्रिस्टलचा रेट साडेपाच हजाराच्या आसपास, ३ नंबरची ब पाकळी सहा हजार नऊशे, मघापेक्षा वर. डेड टाइम तेवढाच. पोटॅशियम जागेवर. हॉलमधून कसलातरी टिकटिक आवाज, आधी लक्षात आला नव्हता." (रेट म्हणजे सेकंदाला येणारे सिग्नल, डेड टाइम म्हणजे यंत्रणा आधीच्या सिग्नलमध्ये गुंतल्यामुळे नवा घेत नाही तो वेळ.) तो आवाज एका पंख्याचा निघाला, पण लिहिला होता. "सर्व ठीक" हे दोन शब्द मी माझ्या विद्यार्थ्यांना प्रॅक्टिकलच्या वहीतही लिहू देत नाही.

आणि एक बारीक गोष्ट. टार्गेटच्या (बीम ज्यावर आपटतो त्या पदार्थाच्या) मागे सोन्याचा किंवा शिशाचा जाड थर असेल तर बीम तिथेच थांबतो, मागच्या कपवर (बीमचा करंट मोजणाऱ्या भांड्यावर) करंट दिसतच नाही. नवी पोरं कप शून्य बघून बोंब मारतात. तिथे बीम आहे की नाही हे काउंट रेटवरूनच ओळखायचं.

हॉलमध्ये जायचं असेल तर आधी ऑपरेटरला सांगून बीम थांबवून घ्यायचा, रेडिएशन मॉनिटर बघायचा, छातीला बॅज हवाच. नायट्रोजनजवळ चपला किंवा वरून उघडे बूट घालून जाऊ नको. थेंब उघड्या हातावर पडला तर टणकन उडून जातो, मोज्यात अडकला तर भाजल्यासारखा फोड येतो. दार बंद ठेवून कोंदट जागेत भरत बसू नको, नायट्रोजनची वाफ हवेतला ऑक्सिजन ढकलून देते आणि नाकाला पत्ता लागत नाही.

झोप साडेतीन ते पाच येते. त्यावर उपाय नाही. आम्ही त्या वेळात चणे-दाणे खात कॅलिब्रेशनची गणितं हाताने करायचो. दोघांनी एकदम डुलक्या काढायच्या नाहीत, एवढा करार एमएस्सीवाल्याशी आधीच कर. जॅकेटचं सीनियर खरं बोलला. बाहेर मुंबईचा घाम आणि आत एसी यंत्रांसाठी, माणसांसाठी नाही.

डोंबिवलीचा_आजोबा

ताईंनी छान लिहिलंय. मी दुसऱ्या बाजूचा. कंट्रोल रूममध्ये बसून तुम्हा मंडळींना बीम देण्यात उमेदीची वर्षं गेली. कुठल्या यंत्रावर ते सोडा, पेलेट्रॉनसारखी टँडेम यंत्रं सगळीकडे सारखाच जीव खातात. थोडं आमच्या बाजूचंही ऐक पोरा.

तू ज्या मनोऱ्यात जाणार आहेस, ते यंत्र उभं आहे. बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि टीआयएफआर दोघांचं मिळून, १९८८ साली चालू झालेलं. वरच्या टोकाला आयन सोर्स, मधोमध टर्मिनल, त्यावर जास्तीत जास्त १४ दशलक्ष व्होल्ट. हा विद्युतभार टर्मिनलपर्यंत नेते एक साखळी. धातूच्या लहान लहान गोळ्या, मध्ये नायलॉनचे जोड. गोळ्या म्हणजे पेलेट, म्हणून पेलेट्रॉन. कितीतरी पीएचडीवाल्यांना हे ठाऊक नसतं. सगळं मोठ्या टाकीत, टाकीत सल्फर हेक्झाफ्लोराइड दाबाने भरलेला, नाहीतर एवढ्या व्होल्टेजला ठिणग्या पडून वाट लागेल.

वरून ऋण आयन येतो, टर्मिनलकडे ओढला जातो. तिथे कार्बनचा अगदी पातळ पापुद्रा. त्यातून जाताना इलेक्ट्रॉन सोलले जातात आणि तोच आयन धन होऊन बाहेर पडतो. मग ज्या टर्मिनलने ओढलं तेच त्याला खाली ढकलतं. एका व्होल्टेजचा दोनदा फायदा. ऑक्सिजन ७+ (सात इलेक्ट्रॉन कमी झालेला) घे, टर्मिनलवर १२ दशलक्ष व्होल्ट धर: येताना एक वाटा, जाताना सात, आठ बारे शहाण्णव. ९६ एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही). तोंडी हिशेब जमायला हवा, ऑपरेटरला बरं वाटतं.

आता मुद्द्याचं. रात्री रेट पडला की तुम्ही फोन उचलता आणि म्हणता, "बीम नाही." पोरा, "बीम नाही" म्हणजे काय? देवळात घंटा नाही म्हणतात तसं? मला सांग, किती वाजता पडला, आणि कसा पडला. एकदम शून्य झाला की तासाभरात कलंडत गेला? एकदम गेला तर मी ठिणगीकडे, नाहीतर कुठला व्हॉल्व्ह मिटला त्याकडे धावणार. हळूहळू गेला तर पापुद्रा झिजला असेल, नाहीतर सोर्स मंदावला असेल. जड आयन असले की पापुद्रे लवकर मरतात. पापुद्रा बदलायचा म्हणजे चाकावरचा पुढचा आणायचा, ते काही तासांचं काम नाही. पण सोर्सचं दुखणं असेल तर वेळ लागतो. तुझ्या पडद्यावरच्या रेटच्या आलेखाचा आकार ही माझी अर्धी दुरुस्ती. तो बघून फोन कर.

दुसरं, ठिणगी पडून व्होल्टेज गेलं तर दर पाच मिनिटांनी "कधी येईल" विचारायचं नाही. दूध उतू गेल्यावर दूधवाल्याला फोन करून उपयोग नसतो. व्होल्टेज हळूहळूच चढवावं लागतं. तेवढ्या वेळात डिटेक्टर बघा, बीम नसताना टार्गेटमधून काय येतंय त्याचा रन घ्या. किरणोत्सर्गी झालेल्या टार्गेटच्या रेषा वेगळ्या ओळखायला तोच रन कामाला येतो. शहाणे लोक ठिणगीची वाट बघत असतात, मूर्ख लोक चहाला जातात. (मी चहाला जाणाऱ्यांना दोष देत नाही. चहा मीही पाजलाय.)

आणि सोबत थोडे लाडू घेऊन जा, ऑपरेटरसाठी. मशीनला चालत नाहीत, माणसाला चालतात.

वही_क्रमांक_७

काका, आलेखाच्या आकाराचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी "बीम नाही" म्हणणारीच होते. माफी असावी.

डोंबिवलीचा_आजोबा

तुमच्या आवाजावरूनच कळायचं आम्हाला कसा पडला ते. चढा असला की एकदम.

जुरा_पायथा

मी जिनिव्हाजवळ असते, सर्न या युरोपीय कण-संशोधन केंद्रात, सीएमएस या महाकाय डिटेक्टरवर. तुमचं वाचून हेवा वाटला, कारण इथे मला स्वतः नायट्रोजनचा थेंबही बघायला मिळत नाही. डिटेक्टर जमिनीखाली शंभर मीटरवर, १४,००० टन वजनाचा, आणि आम्ही फ्रान्समधल्या सेसी गावात वर पडद्यांसमोर. बीम चालू असताना त्याच्याजवळ माणूस फिरकत नाही.

पाळ्या इथेही आठ तासांच्याच. पण काम वाटलेलं. एक शिफ्ट लीडर, एक डेटा घेणारा, एक ट्रिगरवाला (कुठल्या टकरी ठेवायच्या ते निवडणाऱ्या यंत्रणेचा), एक डेटाचा दर्जा बघणारा, एक वीज-पाणी-थंडी-सुरक्षा बघणारा. माझी पाळी बहुतेक डेटाच्या दर्जाची असते. तुम्ही अर्ध्या तासाने लिहिता, आमच्याकडे वेळ २३ सेकंदांच्या तुकड्यांत मोजतात, आणि कुठला तुकडा चांगला, कुठला टाकाऊ याचा हिशेब राहतो. प्रोटॉनचे गुच्छ दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांतून जातात, म्हणजे सेकंदाला चार कोटी वेळा. त्यातले जास्तीत जास्त लाखभर पहिली चाळण पार करतात, आणि साठवायला उरतात काही हजार.

नवख्याला उपयोगी पडेल असं एकच सांगते. इथे ट्रॅकरचं (कणांचे माग टिपणाऱ्या भागाचं) हाय व्होल्टेज बीम स्थिर झाल्याशिवाय चढवत नाहीत. मोठ्या पडद्यावर "स्टेबल बीम्स" अक्षरं येईपर्यंत सगळे नुसते बसून. इंजेक्शन ४५० जीईव्हीला, मग वीसेक मिनिटं ऊर्जा चढते ६.८ टीईव्हीपर्यंत (म्हणजे ६,८०० जीईव्ही), मग बीम बारीक करतात, जुळवतात. या वेळात गडबड करणारा नवा माणूस लगेच ओळखू येतो. जुने लोक सँडविच खातात.

बाकी ताईंचा पंखा वाचून आठवलं: एप्रिल २०१६ मध्ये इथलं सगळं यंत्र बंद पडलं ते एका मुंगसासारख्या प्राण्याने ६६ किलोव्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर शॉर्टसर्किट केलं म्हणून. सत्तावीस किलोमीटरचं यंत्र, आणि कारण हातभर.

जाता जाता, सीएमएसच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलोरिमीटरमध्ये (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या एका भागात) टीआयएफआरच्या लोकांचं काम आहे. त्या भागाचे आलेख माझ्या पडद्यावर आले की मी उगाच दोन सेकंद जास्त बघते. त्याला दर्जा म्हणत नाहीत, माहेर म्हणतात.

उपमा_की_पोहे

माझं फिजिक्स दहावीला सुटलं. पण पूर्ण वाचलं. जॅकेट घेतलं का रे?

नवखा_न्यूट्रॉन

घेतलं. आणि लाडूही. आता सात दिवस झाले, काल परत आलो, आधी बारा तास झोपलो, म्हणून उशिरा लिहितोय.

ताई, साडेअकराला जायचं सांगितलंत ते पहिल्याच रात्री पटलं. आधीच्या पाळीतली मुलगी दारापर्यंत गेली आणि खरंच मागे वळली. म्हणाली, "पाच नंबरचं भरायला आज जरा उशीर लागला." पुढच्या भरणीला मी घड्याळ लावून बसलो, नेहमीइतकीच मिनिटं लागली. ते पण लिहिलं.

काका, तिसऱ्या रात्री रेट पडला. मी फोन केला आणि म्हटलं, "दोन चाळीसपासून हळूहळू उतरतोय, आता निम्मा आहे." पलीकडून आवाज आला, "कुणी शिकवलं रे तुला?" मी म्हटलं, डोंबिवलीचे एक काका. ते म्हणाले, पापुद्रा बघतो. वीस मिनिटांत रेट परत जागेवर. लाडू त्यांना दुसऱ्या दिवशी पोहोचवले.

आता माझी फजिती. चौथी रात्र, पहाटे चार दहा. माझा जोडीदार डुलकीवर, म्हणजे करारानुसार. मी डोकं टेबलावर टेकवलं होतं फक्त, झोपलो नव्हतो. डोकं वर केलं तर पडद्यावरची सगळी शिखरं जाडजूड. एका डिटेक्टरची नाहीत, सगळ्यांची! चार पाकळ्या नव्हे, सगळ्या डिटेक्टरांच्या सगळ्या पाकळ्या. मला तुमचं वाक्य आठवलं, सामाईक असते ती थंडी. म्हटलं संपलं, सगळीकडचा नायट्रोजन गेला. मी थेट सीनियरला फोन लावला. त्याच्याकडून "कधीही उठव" वदवून घेतलंच होतं.

तो दहा मिनिटांत आला, डोळे चोळत, शर्ट उलटा. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एक बटण दाबलं. शिखरं परत बारीक. उभा अक्ष लॉग स्केलवर गेला होता, त्यात शिखरं जाड दिसतात. माझ्याच कोपराने.

मी लॉगबुकात वेळेसकट लिहिणार होतो, पण त्याने पेन काढून घेतलं आणि स्वतः लिहिलं: "०४:२५. लॉग. डिटेक्टर ठीक, शिफ्टर गरम." खाली सही. त्याने होडी काढली नाही हेच नशीब.

वही_क्रमांक_७

हसून हसून पुरेवाट! पण उठवलंस ना. शाब्बास. पुढच्या वेळी आधी रुंदीचा आकडा बघ, मग फोन. आकडा अक्षाने बदलत नाही.

शेवटी युरोपियम (ओळखीच्या रेषांचा कॅलिब्रेशन-स्रोत) लावलं होतं का? सगळ्यांना घरी जायची घाई असते, आणि बीम संपल्यानंतरचं कॅलिब्रेशन नेमकं तेव्हाच राहून जातं.

नवखा_न्यूट्रॉन

लावलं, दोन तास. १२१.८ पासून १४०८ पर्यंत सगळ्या रेषा आल्या. पोटॅशियम पहिल्या रात्री होतं तिथून जेमतेम अर्धा केईव्ही सरकलंय. सीनियर म्हणाला चालतंय.

वही_क्रमांक_७

आणि शीड दिसलं का?

नवखा_न्यूट्रॉन

दिसलं की! ५९६ ला, अगदी डोलकाठीसकट. मोबाइलवर फोटो काढून आईला पाठवला. तिचा लगेच रिप्लाय, "होडी छान आहे. जेवलास का?"